तीन नापास आणि एक बोल्ट

१

“घरी जायची घाई नसलेल्या माणसावर लक्ष ठेव,” असं राजश्रीने जाता जाता बजावलं होतं, आणि क्रांतीने ते हसण्यावारी नेलं होतं.

राजश्री तिच्याआधी या नेमबाजी क्लबाचं ऑफिस सांभाळायची. लग्न ठरलं, नाशिकला निघाली, आणि किल्ल्या क्रांतीच्या हातात देताना हे एक वाक्य बोलली. क्रांतीला वाटलं, बाईने बाईला सांगायची ती नेहमीचीच गोष्ट. काम संपलं तरी काउंटरला कोपर टेकून उभे राहणारे, ‘मॅडम, जेवलात का’ म्हणून विचारणारे. “असल्यांना सरळ करायलाच मी हिंगोलीहून आलेय,” ती म्हणाली. राजश्रीने आणखी काही सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात तिची रिक्षा आली.

क्लब तुर्भ्याला, उभ्या ट्रकांच्या रांगेमागे, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये. एरवी तिथे कॉलेजची पोरं सरावाला यायची. शनिवार मात्र वेगळ्या लोकांचा. बंदुकीचा परवाना पहिल्यांदा मागायचा तर नुसता अर्ज करून भागत नाही. हत्यार सुरक्षितपणे हाताळता येतं हे सिद्ध करावं लागतं. त्याचं शिक्षण आणि परीक्षा शनिवारी. शिकवायचे कुंदन सर. पनवेलचा माणूस, एके काळी राज्याकडून खेळलेला, आता शब्द काडतुसांसारखे मोजून वापरणारा.

सरांचे नियम तीनच. रायफल हातात आली की नळीचं तोंड कुठे आहे ते आधी बघा. निशाणा धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. आणि तिसरा, सगळ्यांत मोठा: देणाऱ्याने ‘रिकामी आहे’ म्हटलं तरी त्याच्या शब्दावर जायचं नाही. बोल्ट उघडायचा, काडतूस बसतं ते चेंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

क्रांतीने हे इतक्यांदा ऐकलं होतं, की रात्री गॅस बंद केल्यावरसुद्धा ती बटणाला हात लावून बघायची. तशी ती मुळातच काळजीवाहू. नवरा संघर्ष ओमानला, तेलाच्या कंपनीत. ती आणि अडीच वर्षांची यशोधरा करंजाड्याच्या एका नव्या टॉवरमध्ये, तेराव्या मजल्यावर. त्या मजल्यावर तिचा एकटीचाच दिवा लागायचा. बाकीचे फ्लॅट कुणीतरी घेऊन ठेवले होते, राहायला कुणी आलं नव्हतं. दाराची बेल गॅस सिलिंडरवाल्याशिवाय कुणी वाजवत नसे. नोकरी तिने पगारासाठी धरली होती हे खरं. पण माणसांचा आवाज कानावर पडावा म्हणूनही धरली होती, हे ती फोनवर संघर्षलासुद्धा सांगत नसे. त्याला कशाला घोर?

त्या शनिवारी पाळणाघरवाल्या काकूंना ताप आला. क्रांती यशूला कडेवर घेऊनच क्लबात आली.

“मॅडम, रेंजवर लहान मूल?” कुंदन सरांच्या कपाळाला आठी पडली.

“आजच्या दिवस, सर. ऑफिसबाहेर सोडत नाही तिला.”

पण यशूच ती. घटकाभरात ती ऑफिसातून निसटून शेडमधल्या बाकापाशी पोचली. तिथे पंढरीकाका घरत गोणी शिवत बसले होते.

पंढरीकाका सानपाडा गावातले, मूळचे आगरी. शेती, मिठागर सगळं शहराखाली गेलं, त्याच्या बदल्यात चार मजली इमारत उभी राहिली. खालच्या मजल्यावर एकदा चोरी झाली, म्हणून काकांनी परवान्याचा अर्ज केलेला. तीन वेळा परीक्षा दिली, तिन्ही वेळा नापास. तरी आपले दर शनिवारी सगळ्यांच्या आधी हजर. वाळूच्या ज्या गोणींवर रायफल टेकवतात, त्यांतली एखादी उसवली की काका खिशातून दाभण काढून शिवायला बसत. मिठाच्या गोणी शिवून हात बसलेला. गोणीच्या दोन्ही टोकांना उचलायला दोन कान काढायचे, ससोबासारखे.

शिकवणीची एक जुनी लाकडी रायफल, बोल्टही लाकडीच, बाकावर पडली होती. यशूने ती फरफटत नेली. “आजोबा, घे.”

काकांनी घेतली. नळीचं तोंड वाळूच्या भिंतीकडे केलं, बोट सरळ बाहेर ठेवलं, बोल्ट मागे ओढला, आत वाकून बघितलं, करंगळी घालून चाचपलं, आणि मग यशूकडे बघून म्हणाले, “रिकामी हाय गो बाय. तू पन बग.” यशूने आपली चिमुकली करंगळी आत घातली आणि खदाखदा हसली.

क्रांतीलाही हसू आलं. मग तिने परीक्षेची तयारी घेतली. रायफल एका कपाटात असायची आणि तिचा बोल्ट दुसऱ्या. बोल्ट म्हणजे वीतभर पोलादी दांडा. तो काढला की रायफल म्हणजे नुसती काठी. पण कायद्याच्या लेखी तो एकटा बोल्टसुद्धा हत्यारच. बोल्टच्या कपाटाची किल्ली क्रांतीच्या गळ्यात. तिने कपाट उघडलं, तेल लावलेला बोल्ट आणि पुसायचं फडकं टेबलावर ठेवलं, आणि नेमकं तेव्हाच यशूने प्यायलेलं दूध भडाभडा ओकून टाकलं.

क्रांती तिला उचलून मोरीवर धावली. तोंड धुतलं, फ्रॉक बदलला, पाठ थोपटली. परत आली तेव्हा टेबलावर तेलाचा ओला डाग तेवढा होता.

बोल्ट नव्हता.

२

“गेट लाव,” कुंदन सर मिथुनला म्हणाले. आवाज चढला नाही, म्हणूनच सगळ्यांच्या माना वळल्या.

आत होतीच किती माणसं? सर स्वतः पार टोकाला, टार्गेटचे कागद चिकटवत होते. तिथून टेबलापर्यंत यायचं तर सगळ्यांच्या नजरेसमोरून यावं लागलं असतं. परीक्षेला आलेला मिथुन वेळ जात नाही म्हणून दाराशी झाडू मारत होता. तो तुर्भे स्टोअर वस्तीतला, एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन. परीक्षेलाच आलेला मितेश, वाशीच्या सराफाचा मुलगा, फोनवर बोलत आत आला होता आणि टेबलाला वळसा घालून बाथरूमला गेला होता. आणि बाकावर पंढरीकाका.

सरांनी पहिल्यांदा स्वतःचे खिसे उलटे करून दाखवले, मग बाकीच्यांचे. बॅगा, डबे, मितेशच्या गाडीच्या हेल्मेटचं अस्तरसुद्धा.

“सर, बनियन पण काढू काय?” मिथुनने विचारलं.

“काढ.”

मिथुनने खरंच काढलं. निघालं काहीच नाही. शेडचे कोपरे, पाण्याची टाकी, कचऱ्याची बादली, सगळं धुंडाळलं. मागच्या बाजूला खिडकी नव्हती. बोल्ट बाहेर गेलेला नव्हता आणि आतही सापडत नव्हता.

सर क्रांतीला बाजूला घेऊन म्हणाले, “पाच वाजता मला चौकीवर कळवावं लागेल. लपवलं तर क्लब बंद होईल. आणि ते पहिला प्रश्न विचारतील, किल्ली कुणाकडे होती?”

“माझ्याकडे.”

“आणि कपाट उघडं टाकून तुम्ही कुठे होता?”

तिने यशूला छातीशी घट्ट धरलं. चौकी, जबाब, मग नोकरी जाणार हे उघडच. आणि मग ते तेराव्या मजल्यावरचं घर. दिवसभर ती, यशू, आणि समोरच्या बंद दारांना लावलेली कुलपं.

“तोवर तुम्ही बोलून बघा त्यांच्याशी,” सर म्हणाले. “माझ्यासमोर ती माणसं खोटं बोलत नाहीत, पण खरंही बोलत नाहीत.”

३

मिथुन फुरंगटून दाराशी बसला होता.

“मॅडम, तुमी पन माझ्यावरच येनार. वॉचमन हाय ना मी. चोरी झाली की पयला वॉचमन.”

“मी काय म्हटलं का तसं?”

“तोंडावर दिसतंय तुमच्या.” मग त्याचा आवाज उतरला. “मी कशाला घालू माझ्याच पोटावर पाय? बँकेच्या गाडीवर गनमनची जागा हाय. सोमवारी हितला कागद दाखवायचा, मग कंपनी पुढचं बघनार. आज परीक्षा नाय झाली तर जागा गेली. घरी बायको आरती घेऊन बसलीय, आन हिकडं रायफलच लंगडी.” त्याने मान झटकली. “त्या सोनाराच्या पोराला विचारा. मागं सरांना बोलला व्हता, ‘परीक्षा नको, कायतरी अॅडजस्ट करू.’ सरांनी असा बघितला त्याच्याकडं, की हा दोन शनवार आलाच नाय.”

मितेश पंख्याखाली उभा होता. पांढराशुभ्र शर्ट, अत्तराचा घमघमाट.

“ताई, खरं सांगू? बोल्ट गेला ऐकून मला तर एकदम शांती वाटली,” तो म्हणाला. “पप्पांना धमकीचा फोन आला. तर बंदूक पप्पांनी घ्यायची ना? नाही, मितेश घेणार. इकडे बार उडाला की माझे दोन्ही डोळे बंद. चोर समोर आला तर मी त्याला डोळे मिटून नमस्ते करणार.”

“मग बोल्ट लपवला तर बरंच की तुला.”

“बरंच. पण मी नाही हात लावला.” त्याने दोन्ही हात पुढे केले. “बघा ना. त्याला किती तेल असतं.”

क्रांतीने बघितलं. बाहीवर, खिशावर, बोटांवर कुठेही तेलाचा ठिपका नव्हता. हा मुलगा वडापाव खातानासुद्धा चार कागद धरायचा.

म्हणजे ज्याला परीक्षा हवी होती त्याने घ्यायला कारण नाही, आणि ज्याला नको होती त्याच्या हाताला तेल नाही.

राहिले पंढरीकाका. त्यांना विचारायचं म्हणजे तिलाच ओशाळं वाटलं. गेल्याच शनिवारी त्यांनी तिला मोबाइलवर बॅनरचं डिझाइन दाखवलं होतं. भाचा पोपटने आधीच करून ठेवलेलं: काळा गॉगल लावलेले काका, मागे दोन वाघ, आणि ‘आमचे मामा पंढरीशेठ यांना शस्त्रपरवाना मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ परवान्याचा पत्ता नाही, पण सानपाडा गावात बॅनर कुठल्या खांबाला लावायचा तेही ठरलेलं.

“काका, तुम्ही काही बघितलंत?”

“मी गोन शिवत व्हतो गो. डोले खाली.”

ते एका गोणीवर बसले होते. खरं तर बाक शेजारीच रिकामा होता.

“पाच वाजता पोलिसांना सांगावं लागेल, काका. माझं नाव पहिलं जाईल.”

काकांनी दाभण खाली ठेवलं. “तुजा नाव जानार नाय,” ते म्हणाले. “ता व्हनारच नाय.”

धीर द्यायला म्हणतात माणसं असं. पण ऑफिसच्या दारापर्यंत गेल्यावर क्रांतीचे पाय थबकले. धीर देणारा म्हणतो, ‘होईल सगळं नीट.’ काका तसं बोलले नव्हते. त्यांना जणू ते ठाऊक होतं.

४

“सर, हे तिघे परीक्षेत नेमके कशात चुकतात?”

कुंदन सर रिकाम्या रायफलीकडे बघत बसले होते. “मितेश डोळे मिटतो. तिन्ही वेळा तेच. मिथुनला कुणी हाक मारली की तो नळीसकट वळतो. तिन्ही वेळा तेच. आज जमेल असं वाटत होतं.”

“आणि काका?”

“पहिल्यांदा बोट ट्रिगरवर. दुसऱ्यांदा ते बरोबर, पण बोल्ट न उघडताच रायफल घेतली. तिसऱ्यांदा दोन्ही बरोबर, तर नळी माझ्याकडे फिरवली. वय झालं. एक सांभाळतात तर दुसरं सुटतं.”

क्रांतीने मान डोलावली आणि बाहेर आली. पण मनात काहीतरी खुपत राहिलं, चपलेत खडा जावा तसं.

वय झालेला माणूस एक सांभाळताना दुसरं विसरतो, हे खरं. पण विसरणारा तीच गोष्ट पुन्हापुन्हा विसरतो. यशू रोज चप्पल उलट्या पायात घालते. कालही उलटी, आजही उलटी, कारण तिला अजून येत नाही. पण दुपारी झोपायचं नसलं की हीच यशू झोपेचं सोंग घेते, आणि तिथे मात्र रोज नवं काहीतरी. काल खोटं घोरणं, आज एक डोळा किलकिला, उद्या पाय हलवणं. ज्याला येत नाही त्याची चूक ठरलेली असते. दर वेळी नवी चूक करायला मूळ गोष्ट पक्की यावी लागते.

आणि सकाळी? ती लाकडी रायफल? नळी भिंतीकडे, बोट बाहेर, बोल्ट उघडा, करंगळी आत. तीन नियम एका दमात, आणि तेही लक्ष यशूच्या तोंडाकडे असताना. त्या म्हाताऱ्या हातांना सगळं येत होतं.

म्हणजे परीक्षेची भीती नापास होणाऱ्याला नव्हती. जो आज पास झाला असता, त्याला होती.

पण का? आणि बोल्ट गेला कुठे? झडतीत तर काही निघालं नव्हतं.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की बराच वेळ यशूचा आवाज नाही. आईच्या काळजाला आवाजापेक्षा शांतता आधी टोचते. ती धावली.

यशू बाकाखाली फतकल मारून बसली होती. समोर वाळूचा छोटा ढीग, आणि ती त्यात कागदी पेल्याने इडल्या पाडत होती.

“यशू, ही वाळू कुठून आणलीस?”

“आजोबांनी दिली.”

क्रांतीने गोणींच्या रांगेवरून नजर फिरवली. सगळ्या शिवलेल्या, एकही फाटकी नाही. मग ही ओंजळभर वाळू कुठल्या गोणीतून आली, आणि तिच्या जागी आत काय गेलं?

तिने वर बघितलं. पंढरीकाका अजून त्याच गोणीवर बसून होते. सगळ्यांना वडापाव आला तेव्हाही ते उठले नव्हते.

५

ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. मिथुन आणि मितेश दाराशी कशावरून तरी वाद घालत होते. बाहेर ट्रक मागे घेण्याचा तो कर्कश आवाज येत होता.

“काका, रायफल तुम्हाला छान येते.”

“कोन बोलला?”

“यशूच्या हातून घेतलीत तेव्हा बघितलं मी.”

काकांनी यशूकडे बघितलं. मग म्हणाले, “पोर समोर व्हती. तिला चुकीचा कसा दाखवू?”

“मग परीक्षेत का चुकता मुद्दाम? इथे माणसं भेटतात म्हणून? पास झालात तर शनिवार बंद होईल म्हणून?”

“ता बी हाय.” ते किंचित हसले. “तू इचारतेस, काका, चहात साखर किती? अख्ख्या आठवड्यान मना तेवराच कोन तरी काय तरी इचारतो. भाडेकरू पयले भाडा द्याला जिना चढून याचे, दोन शब्द बोलाचे. आता मोबाइलवरशी पाठवतान. जिना कोन चढत नाय. लेक पुन्याला, तिचा तिला संसार.” त्यांनी मान हलवली. “पन तेवऱ्यासाठी मी चोरी नसती केली गो.”

क्रांती आणखी जवळ सरकली. काहीतरी यायचं आहे हे तिला कळलं.

“बंदूक कशाला मागितली ठाव हाय तुला?”

“खाली चोरी झाली होती ना.”

“ता कागदावर.” काकांनी गोणीच्या कानाला बोट लावलं. “माजी बायको यशोदा गेली त्याच सालान मी अर्ज केला. चोराला मारासाठी नव्हता केला.”

पहिल्यांदा तिला अर्थ लागला नाही. मग लागला.

“मग हितं आलो. सर पयल्याच दिवशी बोलले, नलीचा तोंड कुठं हाय ता आधी बगा. मी मनान बगितला. माजेकडंच व्हता.”

“काका…”

“त्या दिशी ठरवला, ही वस्तू माजे घरान याची नाय. घरान मी एकटाच हाय, आन माजा मना भरवसा नाय. पन अर्ज मागं कसा घेऊ? पोपटनी बॅनर करून ठेवलाय. गाव इचारल, का नको? त्याचा उत्तर द्याला जीभ वलत नाय. नापास होना सोपा. लोक हसतान, सोडून देतान.”

“आणि आज?”

“आज तू पोरीला घेऊन आलीस. बाकावर बसून ती माजे हाताकडं बगत व्हती. आज तिच्यापुढं हात चुकाला तयार व्हनार नव्हते. आज मी पास झालो असतो.” त्यांनी बसल्या गोणीवर थाप मारली. “तू मोरीवर गेलीस. फडक्यान गुंडालला, गोनीत घातला, शिवला. पाचाच्या आधी सांगनार व्हतो, आईशपथ. तुजा नाव जाऊ दिला नसता.”

क्रांतीने त्यांचा हात धरला. बोटांना तेलाचा वास होता.

“लेकीला फोन लावा.”

“आता? ती कामान असल.”

“आता, काका. नाहीतर मी लावते.”

त्यांनी लावला. पलीकडून घाईचा आवाज आला, “बोला बाबा, काय झालं? बरे आहात ना?”

“व्हय गो. बरा हाय,” काका सवयीने म्हणाले.

क्रांतीने हात सोडला नाही. नुसती बघत राहिली. सरांचा तिसरा नियम तिच्या डोक्यात घुमत होता.

काकांनी डोळे मिटले. “नाय गो,” ते फोनमध्ये म्हणाले. “बरा नाय. ये तू.”

६

बोल्ट गोणीतून निघाला तो फडक्यात नीट गुंडाळलेला, वाळूचा एक कण लागलेला नव्हता. कुंदन सरांनी सगळं ऐकून घेतलं, बोल्ट पुसला, आणि बराच वेळ पुसतच राहिले. चौकीला कळवायची वेळ आली नाही.

परीक्षा त्याच संध्याकाळी झाली. ऐन वेळी मितेशने मुद्दाम मागून “ए मिथुन!” अशी हाक मारली, आणि मिथुन नळी हलू न देता नुसत्या तोंडाने म्हणाला, “नंतर बघतो तुला.” तो पास झाला. मितेशने डोळे मिटले.

“काका, तुमचा अर्ज आपण मागे घेऊ,” सर म्हणाले. “पोपटला सांगा, मास्तर खडूस आहे, म्हाताऱ्यांना पास करत नाही. माझ्याबद्दल पनवेलात तसंही कुणी बरं बोलत नाही.” मग क्रांतीकडे वळून, “पुढच्या वेळी मूल आणणार असाल तर आधी सांगा. बोल्ट मी काढेन.” नोकरीबद्दल एवढंच बोलणं झालं.

लेक त्याच दिवशी पुण्याहून आली. डॉक्टरांना दाखवलं, औषधं सुरू झाली. सगळं एका दिवसात सरळ होत नाही, हे डॉक्टरांनीही सांगितलं आणि काकांनीही. पोपटने गॉगलवाला फोटो आणि वाघ वाया जाऊ दिले नाहीत; वाढदिवस चार महिने लांब असताना ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ असा बॅनर लावून मोकळा झाला. काका अजून शनिवारी येतात. गोणी शिवतात, आणि नव्याने आलेल्यांना पहिला धडा तेच देतात.

त्या आठवड्यात क्रांतीने राजश्रीला फोन केला. “तू म्हणाली होतीस, घरी जायची घाई नसलेल्यावर लक्ष ठेव. मला वाटलं पुरुषांपासून जपायला सांगतेयस.”

“छे गं,” राजश्री म्हणाली. “त्यांनाच जपायला सांगत होते. घरी वाट बघणारं कुणी नसलं की माणूस असा रेंगाळतो. मला कळायचं, कारण मीही तिथे कुलूप लावून अर्धा तास उगाच बसून असायची.”

आता रोज संध्याकाळी, यशूचा भात शिजता शिजता, क्रांती सानपाड्याला फोन लावते. मनात भलतं काही नाही ना, हे विचारायची दोघांची एक खूण ठरलेली.

“काका, चेंबर?”

“रिकामा हाय.”

“उघडून बघितलंत?”

“बगितला गो. लेकीशी पन बोललो.”

एकदा काकांनी उलट विचारलं, “आन तुजा?”

क्रांतीच्या हातातला डाव तसाच राहिला. कित्येक महिन्यांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. “रिकामं आहे, काका,” ती म्हणाली, जरा जास्तच घाईने.

दुसऱ्या दिवशी रविवार. लिफ्ट बंद होती. दुपारी दाराची बेल वाजली, आणि सिलिंडर तर कालच आला होता. दार उघडलं तर घामाने निथळणारे पंढरीकाका, हातात सुकटीची पिशवी, तेरा मजले चढून धाप लागलेली.

“शब्दावर जावाचा नाय,” ते म्हणाले. “सर बोलतान ना.”

आणि यशू त्यांच्या पायांना मिठी मारत असताना क्रांती स्वयंपाकघरात गेली आणि कांदा न चिरताच रडली.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही मजल्यावर असेल कुणी. लिफ्टमध्ये तुमच्यासाठी दार धरून ठेवणारे आजोबा, भाजीच्या गाडीपाशी उगाच रेंगाळणाऱ्या बाई, ऑफिस सुटलं तरी न उठणारा कुणी. हे वाचून झालं की उठा, त्यांची बेल वाजवा. ते ‘बरं आहे’ म्हणतील. म्हणू द्या. तुम्ही आत जा, बसा, आणि एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.